धावणारा कप्तान

७ ऑक्टोबर १९७३

ती. दादांस, अर्जुनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सर्व क्षेम. पत्र आईला वाचून दाखवता, तेव्हा परमुलखातून फक्त चांगलंच लिहायचं, ही तुमची ताकीद ध्यानात आहे.

काल आमच्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल पाहिला. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊन पळायचं. यांचा कप्तान तो क्वार्टरबॅक. एरवी हा गडी चेंडू दुसऱ्याला देऊन बाजूला होतो. आमचा मात्र स्वतःच घेऊन पळतो. मग समोरचे दोघं-तिघं त्याच्यावर डोळा ठेवून अडकतात आणि बाकीच्यांना वाट मोकळी होते. काल त्यावरच जिंकलो. तुम्ही कंपनीच्या कबड्डी संघाचे कप्तान असून चढाईला ज्योतीरामला पुढे करता, म्हणून ही गोष्ट मुद्दाम लिहिली.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच ठेवावी.
अर्जुन

चिंचवड, २८ ऑक्टोबर १९७३

चि. अर्जुन यास अनेक आशीर्वाद.

दिवाळी झाली. तुझ्या वाटणीच्या करंज्या मीच संपवल्या, तक्रार वहिनीकडे कर.

तुझा क्वार्टरबॅक मैदानात उतरवला बरं का. आता पहिली चढाई माझी, दुसरीही माझीच. अगदी आत शिरतो. दोघांना बाद करून परतलो की उरलेल्यांत ज्योतीराम जातो आणि आरामात गुण घेऊन येतो. टाळ्या त्याला, ढोपरं फुटतात माझी. पण तीन सामने सलग जिंकले.

कंपनीत खेळाडू म्हणून घेतलेले मी आणि ज्योतीराम, दोघंही तात्पुरते. कायम एकालाच करणार, आणि १८ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यानंतर साहेब नाव ठरवणार. सहा वर्षं वाट पाहिली, यंदा होईल असं वाटतं. आईनं तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं.

अभ्यास सांभाळ, आणि आमची आठवण पातळ होऊ देऊ नकोस.
सोपान

११ नोव्हेंबर १९७३

ती. दादांस, शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नका.

त्या दिवशी मी अर्धंच लिहिलं. सामना संपत आला तेव्हा तो पळणारा मुलगा चौघांखाली सापडला आणि त्याला स्ट्रेचरवरून नेलं. गुडघा गेला, पुन्हा खेळणार नाही. आई ऐकेल म्हणून गाळलं. इथले जाणते म्हणतात, कप्तान पळाला की संघ पुढे सरकतो, पण मार सगळा त्याच्या एकट्याच्या अंगावर येतो. रोज पळवू नये, अधूनमधून पळवावं. दादा, १८ तारखेला ज्योतीरामला पुढे पाठवा. पाया पडतो.
अर्जुन

चिंचवड, २ डिसेंबर १९७३

चि. अर्जुन यास आशीर्वाद.

तुझं पत्र २१ तारखेला पोचलं. सामना १८ला झाला. आपण जिंकलो.

शेवटून दुसरी चढाई. एकानं घोटा धरला, वरून तिघं पडले, तरी हात मध्यरेषेला टेकवला आणि चौघंही बाद झाले. मला उचलून बाहेर नेलं तेव्हा समोर तिघंच उरले होते. ज्योतीराम गेला आणि सामना घेऊन आला. कायम तोच झाला. पेढे द्यायला घरी आला होता. गुणी पोर आहे, रडला. मला त्याचा राग यायला हवा होता, येत नाही. तुझा येतो. माझाही येतो, कारण चांगलंच लिही असं मीच बजावलं होतं.

गुडघा वाकणार नाही असं डॉक्टर म्हणाले. खेळाडू म्हणून घेतलेला माणूस खेळत नसेल तर कंपनीला काय कामाचा? परवापासून नाव कमी केलं.

पेढे कशाचे, असं आईनं विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं की मी कायम झालो, प्लॅस्टर निघालं की हजर व्हायचं. तेव्हापासून येईल त्या बाईला दारात उभं करून सांगते की माझा सोपान परमनंट झाला.

तर पुढचं पत्र तिला वाचून दाखवता येईल असं लिही. सुरुवातीलाच माझं अभिनंदन कर.

तुझा,
सोपान