दोन बोटांभोवतीची चौकट

१२ मार्च

चि. टिल्लूस, अनेक आशीर्वाद.

हे पत्र ऑफिसातून टाकते आहे, उत्तरही ऑफिसच्याच पत्त्यावर पाठव. घरी आलेलं पत्र बाबा आधी वाचतात, हे तुला ठाऊकच आहे.

परवा संगणक अभियांत्रिकीचा शेवटचा पेपर झाला. ही ऑनलाइन पदव्युत्तर पदवी घ्यायची म्हणून नोकरी, स्वयंपाक आणि अल्गोरिदम यांच्यामागे अडीच वर्षं धावले आणि अगदी शेवटाला येऊन आपटले. परीक्षेत कॅमेरा तोंडावर रोखलेला असतो, नजर हलली तरी नोंद होते. पेपर निम्मा झाला आणि बाबा दारात आले. दुसरी गोळी आता घेऊ का, असं त्यांनी खुणेनं विचारलं. मीही सवयीनं दोन बोटं दाखवून मूठ मिटली, म्हणजे दोन वाजता, जेवल्यावर. कॅमेऱ्याला बाबा दिसलेच नाहीत. दिसली ती माझी नजर आणि बोटं.

विद्यापीठ म्हणतं, मी दाराआडच्या माणसाशी उत्तरांची देवाणघेवाण केली. तीन आठवड्यांनी सुनावणी आहे. विरोधात गेली तर पदवी गेली, आणि आमच्या ऑफिसच्या संगणक विभागात कबूल केलेली जागाही. मला काही सुचत नाही रे.

तुझी आठवण रोज निघते, तूही काढत जा.

तुझी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण आधी हसूच आलं. शाळेत गणिताच्या पेपराला मी मागच्या बाकावरून किती विनवण्या केल्या, तेव्हा तू करंगळीसुद्धा हलवली नाहीस. आणि कॉपीचा आळ तुझ्यावर! मग मात्र सुनावणीचं पुन्हा वाचलं.

माझं ऐक, बाबांनाच समोर बसव. गिरणीत मागांच्या खडखडाटात कान गेले, तेव्हापासून त्यांचे हातच बोलतात. एकदा सुरू झाले की समितीलाच विचारतील, गोळ्या घेतल्यात का म्हणून. मला इथून रजा मिळत नाही. नुसती पत्रं लिहितो आहे, याची लाज वाटते.

धाकट्याचे कान ओढायचा हक्क राखून ठेव, लोभही.

तुझा,
टिल्लू

९ एप्रिल

चि. टिल्लूस, अनेक आशीर्वाद.

तू म्हणालास तसं केलं. आदल्या दिवशी बाबांना सगळं लिहून समजावलं, त्यांनी मान डोलावली. समितीतल्या बाई भल्या होत्या. त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून विचारलं, की त्या दिवशीची खूण करून दाखवा. बाबांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि बसून राहिले. मला हात टेबलावरून न हलवण्याची ताकीद होती. बारा मिनिटांत सगळं आटोपलं.

काल निर्णय आला. माझं नाव कमी केलंय आणि पुढे दाद मागता येत नाही. बाबांना सांगितलंय, की निकाल अजून यायचाय. तूही तेच लिही. मला त्यांचा फार राग आला होता, टिल्लू, आणि आता त्याचंच रडू येतं.

सांभाळून राहा, आम्हाला विसरू नकोस.

तुझी,
ताई

१८ एप्रिल

चि. टिल्लूस, बाबांचे अनेक आशीर्वाद.

माझी तब्येत बरी आहे. ताई जेवते कमी. निकाल यायचाय म्हणते.

त्या दिवशी माझं चुकलं. तिनं नीट समजावलं होतं. पण त्या लोकांनी आधी पडद्यावर परीक्षेच्या वेळचं चित्रण लावलं. त्यात तिच्या दोन बोटांभोवती लाल चौकट काढलेली होती. ती बघून माझा हातच उचलेना. वाटलं, मी बोट हलवलं की आणखी एक चौकट निघेल आणि तीही तिच्याच नावावर लागेल. नंतर तिचा चेहरा पाहिला तेव्हा कळलं, काय करून बसलो.

म्हणून मी एक वही केली आहे. गिरणीतल्या आणि घरच्या मिळून एकशे सहा खुणा, प्रत्येकीशेजारी हाताचं चित्र आणि अर्थ. चित्रांसाठी शेजारचा शिंपी रोज दुपारी एकेका खुणेत हात उचलून धरून बसायचा, बिचाऱ्याचा खांदा आखडला. माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार, म्हणून जुन्या मुकादमाला शोधून शेवटच्या पानावर त्याची सही घेतली. दोन वाजताच्या गोळीची खूण पहिल्याच पानावर आहे.

ताईला यातलं काही बोललो नाही. तिचं काम झालं की आपोआप कळेल.

आपला जीव एकमेकांत आहे तो तसाच असू दे. आणि विद्यापीठाचा पत्ता उलट टपाली कळव. निकाल लागायच्या आत वही पोचायला हवी.

तुझे,
बाबा