उलटी जाळी

आबा, तुम्ही ज्या भोकांना गिऱ्हाइकासमोर उलटी म्हणालात, त्या भोकांतून आता कॉफी गाळतात. आपल्या घरी कॉफी म्हणजे नवे व्याही आले की दुधात उकळायची, वर जायफळ. ही तशी नव्हे. काळी, कडू, औषधाच्या मात्रेएवढी. यंत्र कढत पाणी जोर लावून कॉफीच्या भुकटीतून दाबतं, आणि भुकटीखाली एक चकती लागते, म्हणजे गाळ कपात येत नाही. कागदाची चकती एकदा वापरून फेकतात. माझी स्टीलची. धुवायची आणि वर्षानुवर्षं वापरायची. केसाएवढी हजारो भोकं, कुठे किती आणि कशी पाडायची ते मी ठरवते. जळगावच्या एमआयडीसीत, चटयांच्या कारखान्यांमागे माझं शेड आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, म्हणून हे माहीत नसणार. माहीत असतं तर मजा आली असती.

धुळ्याचा तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. घराच्या पुढच्या खोलीत तुमचं काम चालायचं, दाळमिलच्या जाळ्यांचं. पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठेवायचा, टोकाला निमुळता सुंबा धरायचा, घण मारायचा की एक भोक. सुंबा निमुळता म्हणून भोक वरून रुंद, खाली अरुंद. रुंद, गुळगुळीत बाजू वर ठेवायची, हा तुमचा कायदा. त्याच कायद्यापायी डाळ भोकात शिरायची आणि अडकून बसायची, मिलमधली माणसं दिवसभर काठीने जाळी बडवायची. मी सतरा वर्षांची होते. तुम्ही बाजारात गेलात तशी मी एक जाळी पुरी केली, पालथी घातली, बारीक तोंडं वर आणली आणि त्यांच्या धारा कानशीने सपाट घासल्या. एवढ्याशा तोंडातून जो दाणा आत गेला, त्याला खाली रुंद वाट. अडकेल कशाला?

जामनेरचे मिलमालक आलेले होते. तुम्ही जाळी उचलली, अंगठा फिरवला.

"हाई कोनी करं?"

"मी करं, आबा."

"उलटं शे हाई बठ्ठं! इले वर-खाल समजत नही नि जाळी कराले चालनी."

मालक हसले. "ऱ्हाऊ द्या ना आबा, पोर शे."

"मोरीले लाई देस ती," तुम्ही म्हणालात, आणि खरंच लावलीत. संध्याकाळच्या आत न्हाणीच्या मोरीवर सिमेंटमध्ये बसवलीत, होती तशीच, बारीक तोंडं वर. सुंबा माझ्या हातातून काढून घेतलात आणि दुसऱ्या दिवसापासून मी पुढच्या खोलीत पाय ठेवायचा नाही असं ठरलं. नऊ वर्षं तुम्ही माझ्या कामावर बसून अंघोळ केलीत. माय दर दिवाळीला नवल करायची, आपली मोरी तुंबत कशी नही म्हणून. तुम्ही लोटा घेऊन खाली बघत बसायचात. मला वाटायचं, म्हातारा देवाचं नाव घेतोय.

चार वर्षांपूर्वी मी जामनेरला गेले. त्याच मिलला स्टीलच्या जाळ्या हव्या होत्या. मालक आता काठी टेकत चालतात, मला ओळखलं ते फक्त तुमची मुलगी म्हणून. त्यांनी जुन्या जाळ्यांचा ढीग दाखवला. प्रत्येकीच्या कोपऱ्यात तुमची खूण, तीन ठिपके. आणि प्रत्येकीची बारीक तोंडं वर.

"तुन्हा आबानी युक्ती," मालक म्हणाले. "बठ्ठा जिल्हामा अशी जाळी कोनी करे नही. आम्हीन इचारं तर सांगेत, मन्हा डोकामाईन निंघनी."

मी चहा प्यायले. आतून तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यांना माझी जाळी आठवतही नव्हती. तुम्हाला मात्र रोज सकाळी दिसत होती. ती तुंबत नाही हे तुम्ही बघितलंत, मग केलीत, विकलीत आणि त्यावर तीन ठिपके ठोकलेत. घरात मी होते, भाकऱ्या थापत होते, एक हाक मारली असती तरी आले असते. रागावलात ते मी विसरले असते, आबा. नंतर कळूनही गप्प बसलात, ते मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. तुम्ही आज असतात तर त्याच मालकांसमोर उभं करून वदवून घेतलं असतं, तुमच्या म्हातारपणाची गय केली नसती.

म्हणून मी सूड घेतला. माझ्या चकतीच्या कडेवर तुमचाच शब्द कोरलाय. 'उलटी' कोरणार होते, पण तोंडात जाणाऱ्या वस्तूवर उलटी कोण लिहील? म्हणून 'उलटं'. चकती आता परदेशातही जाते, तिथले लोक अर्थ विचारतात. मी सांगते, एका माणसाला वर-खाली समजत नव्हतं, त्याच्या नावाने आहे. ते हसतात. जामनेरचे मालक हसले होते तसेच, अगदी.

आता एक उरलं. माझ्या पहिल्या चकत्या तुंबल्या, आबा. तीसेक कप झाले की पाणी अडायचं. भोकं बरोबर होती, बारीक तोंड वर होतं, तरी. तीन महिने डोकं फोडून घेतलं. शेवटी जामनेरहून मागून आणलेली तुमची जाळी काढली. एसटीत गोणपाटात गुंडाळून मांडीवर आणली होती, पुरावा म्हणून. तिच्यावर अंगठा फिरवला. मी चकत्यांचीही तोंडं नुसती सपाट घासली होती, त्यांची धार तशीच राहिली होती आणि तिलाच भुकटी अडकत होती. तुम्ही एकेका तोंडाची कड ओल्या वाळूने गोल केली होती, इतकी हलकी की डोळ्याला दिसत नाही. मला ते सुचलं नव्हतं. सतराव्या वर्षीही नाही, सत्तेचाळिसाव्याही नाही. तशी कड केली, आणि चकती तुंबायची थांबली.

कॉफीची यंत्रं करणारी एक कंपनी माझी चकती घेते, तिच्या फॉर्मवर एक प्रश्न होता, ही रचना संपूर्णपणे तुमचीच आहे का. मी 'हो'वर खूण केली. कड कुणाची हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्ही तरी माझं कुठे सांगितलं होतं? हे पत्र शेडमधल्या कपाटात, तुमच्या जाळीखाली ठेवतेय. तुमचा पत्ता असता तरी टाकलं नसतं. वाचून तुम्ही खूश झाला असतात.