उजव्या हाताच्या मुंग्या

८ जुलै

पुन्हा मुंग्या! उजव्या हाताची बोटं, थेट मनगटापर्यंत. अंघोळ करून नैवेद्याला दूध काढायला फ्रीज उघडला, तेवढ्यात. आईच्या लकव्याची सुरुवात अशीच झाली होती — हातातून दुधाचं भरलं गंज पडलं, मग ती उठलीच नाही.

रीता परवा माहेराहून बाळाला घेऊन आली. दीड महिन्याची नात! अजून मी तिला उचललेलं नाही. हातातून सुटली तर? मुलाला, प्रफुलला सांगावं तर तो लगेच नागपूरला नेईल — आणि तिथे खरंच लकवा निघाला तर?

११ जुलै

रीताने बाळ पुढे केलं. "घ्या न, आई."

"कणकेचे हात आहेत," म्हटलं. हात कोरडे होते. तिने पाहिलं.

१३ जुलै

मुंग्या.

१५ जुलै

आज नाहीत! परवापासून घेतलेल्या ताकदीच्या गोळ्या लागू पडल्या वाटतं. पावसाने रात्रीपासून लाईन नव्हती, दूध नासलं, तरी मी खूश.

१६ जुलै

सकाळी लाईन आली. मुंग्याही आल्या.

फ्रीजच्या दारावरचा हात झटकला आणि तशीच उभी राहिले. मग रीताच्या चपला घालून पुन्हा हात लावला — काही नाही! अठ्ठावीस वर्षं शाळेत सेल, वायर अन् बल्ब घेऊन मुलांना वीज शिकवली मी! धन्य माझी!

वायरमन दुर्गेशला बोलावलं. सातवीत याला मी विज्ञानात काठावर पास केलं होतं. फ्रीजला टेस्टर लावला, तर दिवा पेटला.

"अर्थिंगचा तार सडून तुटला आहे जी. करंट पत्र्यात उतरून राहिला. त्याले जमिनीत जायले रस्ता पाहिजे. तुमचे पाय ओले, उघडे — तुम्हीच रस्ता झाल्या! बाकीचे चपला घालून राहतेत, त्याहिले कायले लागन?"

चपलांचा प्रयोग सांगितला, तर माझ्यावरच ओरडला. "असा हात लावून पाहातेत का, बाई? टेस्टर कायले असते?"

फ्रीजमधली सोललेली वायर बदलली. अंगणात खड्डा करून मीठ-कोळसा टाकला, अर्थिंगची नवी पट्टी पुरली.

मला लकवा नाही! नाही! स्वयंपाकघरात एकटीच हसले, मग रडले. शॉकने मेले असते, हे नंतर सुचलं. तरी इतकं हलकं वाटतंय!

दुपारी नातीला उचललं. किती ऊन ऊन अंग पोरीचं! रीताला सगळं सांगितलं. ती आत जाऊन कोणाला तरी फोन करत बसली.

१७ जुलै

रीताचा भाऊ योगराज चिचगडहून गाडी घेऊन आला. मला म्हणाला, "पोरगी झाली म्हणून सासू हातही लावत नाही, मले घेऊन जा — असं सांगत होती रीता. काल फोनवर नको म्हणाली. तरी म्हटलं, पाहून येतो."

नात माझ्या मांडीवर झोपली होती. तो चहा प्यायला अन् एकटाच परत गेला.