कागदावर दहा, आम्ही शंभर

८ जानेवारी, बुधवार. शिरवळ
सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून बाहेर. आरशात पाहिलं. डावी भुवई उचलत नाही. डावा डोळा मिटत नाही, बुबुळ वर जातं आणि खाली पांढरं उरतं. हातांची पकड तपासली, दोन्हीकडे सारखी. पाय ठीक. बोलणं कळतंय, फक्त ‘प’ आणि ‘ब’ फुसके.
कामावर गेले. क्वालिटी लॅबमध्ये बारापर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी साहेबांना मीच सांगितलं. ते म्हणाले, “तुम्ही तशाही हसत नाही ना, कळलंच नाही.”
उद्या साताऱ्याला.

९ जानेवारी. सातारा
डॉक्टर: मेंदूचं काही नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे. गोळ्या आजपासून. पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर खरा उपयोग. दिवसा डोळ्यात थेंब, झोपताना पापणीला चिकटपट्टी. बहुतेकांचं महिन्या-दोन महिन्यांत येतं.
“आणि उरलेल्यांचं?”
“उरलेल्यांत तुम्ही आहात असं आत्ताच कशाला धरता?”
व्यायामाचा झेरॉक्स कागद दिला. सात चित्रं. खाली लिहिलंय: प्रत्येकी दहा वेळा, हळू, दिवसातून दोनदा.

११ जानेवारी, शनिवार. कुंडल
तीन आठवडे रजा. आईने दारातच तोंडाला पदर लावला, मग एरंडाचं पान गरम करायला गेली. तिच्या मते गाडीत खिडकीशी बसल्याने वारं लागलं. वाद घातला नाही. पान गालाला बरं वाटतं.
आप्पांनी कागद उभ्याने वाचला. बावीस वर्षं सैन्यात, शेवटची आठ रंगरुटांना पीटी शिकवण्यात.
“दहा? दहा तर रंगरूट झोपंत बी मारतंय.”
शंभर ठरले. दिवसातून चार वेळा. मी हरकत घेतली नाही. खरं म्हणजे मलाही दहा हा आकडा कमी वाटला होता.

१३ जानेवारी
फट मोजली. डोळा जोराने मिटायचा, शेजारी स्टीलची पट्टी धरून फोटो काढायचा, उरलेली उघडी जागा मोजायची. ७ मिमी. दर सोमवारी नोंद.
सकाळी अंगणात खुर्ची. समोर आप्पा, हात पाठीमागे. “भुवई, उप्पर! एक! दोन!” उजवी वर, डावी जागेवर. शंभर.
शेजारचे रशीदचाचा ब्रश तोंडात धरून कुंपणाशी. स्टँडसमोर त्यांचं टेलरचं दुकान आहे. आप्पांचे शाळेपासूनचे मित्र.
“आवं सुबेदार, पोरीचं तोंड हाय का पलटन?”
“तू तुझी सुई वढ, गड्या.”
“वढतो की. तुझ्या पँटीचीच वढतोय. कंबर वाढली, दोन इंच.”
हसू आलं. अर्धंच आलं. आप्पांनी पाहिलं आणि आकडा विसरले. पुन्हा एकपासून.

२ फेब्रुवारी, रविवार. शिरवळ
रजा संपली. गालात काहीही नाही. सकाळचे शंभर आता व्हिडिओ कॉलवर, बाकीचे तीन वेळचे माझ्या भरवशावर. रूमवरची मुलगी उशी कानावर घेते.

३ फेब्रुवारी
गेटवरच्या हजेरीच्या मशीनने चेहरा घेतला नाही. तीनदा. वॉचमन म्हणाला, “मॅडम, नव्यानं नोंद करावी लागंल.” केली. म्हणजे कंपनीच्या मते आता हाच माझा चेहरा.
फट ७.

२६ फेब्रुवारी
सात आठवडे झाले. फट ६.५. अर्धा मिलिमीटर चुकीत जातो, म्हणून याला फरक म्हणत नाही.
डब्यातला भात गाल आणि दातांच्या मध्ये अडकतो, बोटाने काढावा लागतो. कँटीन सोडलं, लॅबमध्येच जेवते. कोणी विचारत नाही. मला तेच हवं होतं, असं…
आप्पा म्हणतात दीडशे करू. म्हटलं, करू.

२७ मार्च, गुरुवार
हललं. तोंडाचा डावा कोपरा, एक मिमी. आधी वाटलं उजवीकडून ओढला जातोय. उजवा गाल बोटांनी दाबून धरला आणि पुन्हा केलं. हललं.
कॉलवर आप्पांना करून दाखवलं, तर त्यांच्याकडचा फोन आडवा झाला. नुसतं छत दिसत होतं. मग आईचा आवाज, “आवं, नाक पुसा आदी.”

१९ एप्रिल, शनिवार. कुंडल
फट २. भुवई नाही. गाल आहे.
स्टँडपासून घरापर्यंत चौघांनी थांबवलं. आप्पांनी सगळ्यांना सांगितलंय. “डाक्टरनं दहा सांगितलं हुतं, मी दीडशेवर नेली. नस कशी उठत न्हाई बघतो.” रशीदचाचा म्हणाले, “सुप्रे, तुझा बा आता बोर्ड लावणार बग. तोंडं सरळ करून मिळतील.”
आप्पांना एवढं मोकळं मी निवृत्तीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

१२ मे, सोमवार
पुरवठादाराचा माणूस नमुने घेऊन आला होता. पंधरा नगांपैकी चार मापात नाहीत, हे सांगत होते. तो मध्येच गडबडला, मग गालात हसला. जाताना नंबर मागितला. कामाचा नव्हे.
बाथरूमच्या आरशात तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. ‘प’ म्हणताना ओठ जुळले की डावा डोळा मिटतो. पूर्ण. प्रत्येक वेळी.
फट आता ०. नको तेव्हाही ०.
खाताना तपासलं, घास चावताना अर्धा मिटतो. हसून पाहिलं, मिटतो.

१७ मे, शनिवार. सांगली
चेहऱ्याचं काम करणाऱ्या फिजिओ सापडल्या. वय माझ्याएवढंच. वीस मिनिटं नुसतं पाहिलं, व्हिडिओ काढला, मग समजावलं. नस पुन्हा वाढताना काही तंतू चुकीच्या जागी जातात. ओठाला दिलेला हुकूम डोळ्यालाही पोचतो.
“व्यायाम कसा करत होता?”
“दीडशे. चार वेळा. पूर्ण जोर लावून.”
त्यांनी पेन खाली ठेवलं. “कोणी सांगितलं?”
मी कागद दाखवला. त्यावर दहा होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.
“त्यामुळेच झालं का?”
“त्यामुळेच, असं नाही म्हणता येणार. काहींचं काही न करताही होतं. पण जोर लावून सगळं एकदम हलवलं की चुकीची जोडी पक्की होत जाते. हे मांडीचे स्नायू नाहीत.”
आता: जोर बंद. आरशासमोर ओठांचा चंबू, एवढासाच. डोळा हलायच्या आधी थांबायचं. पाच वेळा, बस्स. किती दिवस? “महिने म्हणा. वर्षही.”
पाचपैकी एकही जमला नाही.

१८ मे. कुंडल
आप्पांना सांगायचं ठरवून आले होते. जेवताना माझा डोळा मिटला, तर ते आईला म्हणाले, “बग, पोरगी बापाला डोळा मारती!” आणि स्वतःच्याच बोलण्यावर ठसका लागेपर्यंत हसले.
सांगितलं नाही.

२६ मे, सोमवार. शिरवळ
कॉल येतो तेव्हा फोन कपाटाला टेकवते आणि पाठ करून आवरत बसते. “झाले का?” “झाले. दीडशे.” आठ दिवस.
नोकरीला लागल्यापासून एकही खोटं माप लिहिलेलं नाही. हे तोंडी आहे म्हणून चालतं, असं काही नाही.
चंबू: पाचपैकी ०.

३ जून, मंगळवार
संध्याकाळी सातला आप्पांचा कॉल, खुशीत. रशीदचाचांचं तोंड वाकडं झालंय. काल सकाळपासून. ओठात टाचण्या धरायला गेले, सगळ्या मांडीवर पडल्या. डोळा मिटत नाही. हात-पाय चांगले.
“घाबरायचं काम न्हाई. सकाळीच सुरू केलंय. पन्नास झालं त्येचं.”
“दवाखान्यात?”
“कशाला? शाळंचं कपडं हाईत त्येच्याकडं ढीगभर. चार दिस बघू. तुला म्या कशी आणली?”
काल सकाळपासून म्हणजे दुसरा दिवस. तीनमधला दुसरा.
म्हटलं, आप्पा, उद्याच सांगलीला डॉक्टरकडे न्या. गोळ्या लागतात. ते म्हणाले, तुझ्या गोळ्यांनी काय झालं, अडीच महिने नस हलली न्हाई, हलली ती कवायतीनं. म्हटलं, व्यायाम बंद करा त्यांचा. “का म्हणून?” कारण सांगितलं. तंतू, चुकीची जागा, जोडी. त्यांना ते डॉक्टरी वाटलं. “आगं, काय तरी वाचत बसतीस.”
मग फोन तोंडासमोर धरला. म्हटलं, बघा इकडे. आणि हसले. दात दाखवून, जमेल तेवढं.
डोळा मिटला असणार. मला उजव्याने त्यांचा चेहरा दिसत होता.
“हे डोळा मारणं नाही, आप्पा. मी मिटत नाहीये. आपोआप होतंय. मे महिन्यापासून. तुम्हाला जे दीडशे सांगत होते ते मी करत नव्हते.”
त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, “किती वाजता असतो त्यो सांगलीचा डाक्टर?”

४ जून
आईचा फोन: दोघं पहिल्या एस. टी.ने गेले. गोळ्या सुरू. चाचा तिथेही म्हणत होते, गणवेश द्यायचेत, लवकर करा.
सकाळी आप्पांचा कॉल आला नाही.

९ जून
नाही.

१४ जून, शनिवार. कुंडल
आप्पा जेवताना ताटाकडे बघतात. माझ्याकडे बघायचं झालं तर उजव्या बाजूला येऊन बसतात. आई म्हणाली, सकाळी आंघोळ करून अंगणात खुर्ची मांडतात आणि परत आत नेतात.
दुपारी गोठ्यापाशी विचारलं, “म्हंजी मीच बिघडवलं?”
“माहीत नाही.”
“तू शिकल्याली हाईस. माहीत न्हाई म्हणू नगंस.”
“खरंच माहीत नाही. आणि कागद मीही वाचला होता.”
त्यांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. “त्यो कागद माझ्या हातात हुता.”

२८ जून, शनिवार. सांगली
आप्पा बरोबर आले. मी बोलावलं नव्हतं, स्टँडवर आधीच उभे होते. फिजिओंसमोर बसायच्या आधीच विचारलं, “मॅडम, हिचं मी बिघडवलं का?”
त्यांनी मला सांगितलं होतं तेच सांगितलं.
“म्हंजी व्हय बी आन् न्हाई बी.”
“हो.”
“आमच्याकडं असा जबाब चालत न्हवता.”
“आमच्याकडे बहुतेक वेळा असाच असतो, काका.”
मग त्यांनी आप्पांना माझ्यासमोर खुर्ची दिली. काम एकच: मी चंबू करताना डाव्या पापणीवर नजर ठेवायची आणि ती हलायला लागली की ‘थांब’ म्हणायचं. आकडा मोजायचा नाही. आप्पा पुढे वाकून बसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा डाव्या बाजूने.
पहिल्या वेळी उशीर केला. दुसऱ्या वेळी फार आधी. तिसऱ्या वेळी “थांब” म्हणाले, तेव्हा मला काहीच जाणवलं नव्हतं. व्हिडिओ मागे नेऊन पाहिला. पापणी हलायला लागली होती. त्यांचं बरोबर.
परतताना एस. टी.त आप्पा पलूसच्या पुढे म्हणाले, “लय बारीक काम हाय.”

१३ जुलै, रविवार. कुंडल
काल आणि आज सकाळी आप्पा समोर बसले. आवाज चढवत नाहीत. आई म्हणते शेजारी विचारतात, सुबेदार गावाला गेलेत का.
रशीदचाचा चहाला आले. भुवई उचलून दाखवली, दोन्ही. शीळ वाजवली. खिशातून चार टाचण्या काढून ओठात धरल्या आणि तशाच बोलले, “बघ सुबेदार. तुझ्या तावडीतनं येळंवर सुटलो म्हणून!” आई हसली. मीही, आणि डोळा मिटला. चाचांनी ते पाहिलं. टाचण्या काढून मुठीत धरल्या आणि चहा न संपवता उठले.
आप्पा कपाकडे बघत म्हणाले, “सा आठवड्यात आलं त्येचं.”
म्हटलं, बहुतेकांचं येतंच, आप्पा. त्यांचं व्यायाम करूनही कदाचित आलं असतं, माझं व्यायामाशिवायही कदाचित असंच झालं असतं. दोन माणसांवरून काही ठरवता येत नाही.
“माझ्याकडं दोनच हाईत.”

चंबू: पाचपैकी २ स्वच्छ. दुसरा नक्की नाही, आप्पा म्हणतात स्वच्छ होता.