विल्फचा वरचा सूर

न्यूकॅसल, रविवार सकाळ

लाडक्या ऑलिव्हला थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडे सोडलेल्या आमच्या नातवंडांना सांग, विल्फ आजोबा धडधाकट आहेत. पोरं तुला छळत नाहीत ना? आमचं मांजर जेवतंय का?

काल विल्फच्या बँडचा कार्यक्रम झाला. घशाच्या ऑपरेशननंतरचा पहिलाच, त्यात शेवटच्या गाण्यात तो लांबलचक वरचा सूर. बाकीचे म्हणाले, पट्टी उतरवू. तर आमचा म्हातारा म्हणतो, "मग मला घरीच सोडा."

म्हणून त्यांनी त्याच्या नकळत जुन्या रेकॉर्डमधला सूर काढून तयार ठेवला होता. मी आवाज सांभाळणाऱ्या क्रेगशेजारी बसले होते. "फाटला की बटण दाबतो, आजी," तो म्हणाला.

आणि फाटलाच गं! क्रेगचं बोट बटणाकडे निघालं, तशी मी त्याच्या हातावर चापट मारली. "थांब मेल्या! तो अजून उभा आहे."

वाजवणारेही थांबले. विल्फ घोटभर पाणी प्यायला नि ड्रमवाल्याला म्हणाला, "अर्नी, परत एक-दोन-तीन मोज." तीच ओळ परत घेतली आणि सूर लावला. खरखरीत, थरथरता, पण शेवटपर्यंत नेला. लोक खुर्च्यांवर चढले! क्रेग डोळे पुसत होता.

आज आवाज पार बसलाय. चहा हवा असला की चमच्याने कप वाजवतो. सकाळपासून चार झाले, आणि मी हसत हसत उठतेय.

सगळ्यांना पापे.
तुझी एडना