तारेच्या टोकाचा लाल दोरा

सर,

एवढ्या उशिरा लिहितोय, त्याची आधी माफी मागतो. तुम्ही गेल्याचं मला मिरजगावच्या स्टँडवर कळलं, तेही वर्ष उलटून गेल्यावर, आणि त्यालाही आता माझं अर्धं आयुष्य झालं. तेव्हाच लिहायला हवं होतं. पण गेलेल्या माणसाला पत्र लिहितात का, लिहिलं तर सुरुवात कशी करायची, हे सातवीत शाळा सोडलेल्याला कोण सांगणार? शिवाय तुमच्या खिशातल्या लाल पेन्सिलीची धास्ती अजून गेलेली नाही. ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तर सोडून द्या.

लिहायचं कारण असं की तुमची मुलगी आली होती. नगरहून एसटीनं मिरजगाव, तिथून रिक्षानं आमच्या वस्तीवर, मांडीवर पत्र्याची ट्रंक धरून. मी दारातच घाबरलो. अनोळखी माणूस ट्रंक घेऊन आलं की माझ्या मनात आधी वाईटच येतं. ती म्हणाली, "काका, तुम्ही मला ओळखणार नाही. मैदानावर लाल रुमाल धरून उभी असायची ना, ती मी." मग ओळखलं. फ्रॉकमधली ती मुलगी आता कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली, पांढऱ्या केसांची बाई आहे. तुमच्या वहीत नगरच्या आमच्या इंजिन दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता होता. दुकान कधीच बंद पडलंय, पण शेजारच्या चहावाल्यानं तिला माझं गाव सांगितलं.

तिनं ट्रंक उघडली. तुमचं छोटं लाकडी विमान वाळवीनं खाल्लेलं, नुसता भुसा. पण तुमची लाकडी मूठ होती, रिळावर गुंडाळलेल्या दोन तारा होत्या, खाकी कागदावरचा नकाशा होता, आणि चिंधीत बांधलेलं ते इंजिन. "चालू होईल का हे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, बघू. मग ती म्हणाली, "मला एकदा मधे उभं राहायचंय, काका. बाबांनी मला कधी मूठ धरू दिली नाही. फ्रॉक तारेत अडकेल म्हणायचे. आता तर मी पंजाबी ड्रेस घालते."

ते इंजिन हातात घेतलं आणि मी थेट नगरच्या दुकानात जाऊन पोचलो. मी तेवीस वर्षांचा आहे. विहिरीवरची डिझेल इंजिनं खोलून कोपरापर्यंत काळा झालोय आणि तुम्ही इस्त्रीच्या शर्टात समोर उभे आहात, तळहातावर हे एवढंसं इंजिन. मी हसलो. "सायेब, हे इंजिन हाय का लिंबू?" तुम्ही हसला नाहीत. "पंखा फिरवून बघ, मिस्त्री." मी बोटानं झटका दिला, इंजिनानं उलटा झटका दिला, आणि माझं बोट फाटून रक्त आलं. तेव्हा तुम्ही हसलात. नंतर मी त्याचा झिजलेला स्क्रू लेथवर नवा करून दिला. पुढच्या खेपेला तुम्ही सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा घेऊन आलात, माझ्या बोटाच्या मापाचा, कडा नीट घासलेल्या. "हे घाल. रविवारी मैदानावर ये." मला कुणी माझ्या मापाची वस्तू करून देण्याची ती पहिलीच वेळ. तो तुकडा वाळून तडकलाय, पण माझ्या दाढीच्या डब्यात आहे.

तीन वर्षं एक रविवार चुकवला नाही. तुम्ही कॉलेजच्या एनसीसी कॅडेटांना विमानं शिकवायचात आणि मी तुमचा मिस्त्री. गावी आईला सांगितलं की मी विमानांच्या कामावर आहे, तर ती सगळ्यांना सांगत सुटली की माझा लेक पायलट झाला. खरं विमान मी एका हातानं उचलावं एवढंच होतं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. उडवणारा मैदानाच्या मधे उभा, हातात मूठ. मुठीपासून दोन तारा पंधरा मीटर लांब जातात आणि विमानाच्या पंखाच्या टोकाला अडकतात. इंजिन सुरू झालं की विमान त्याच्याभोवती गोल फिरतं आणि तोही विमानाबरोबर गोल फिरतो. मनगट मागं घेतलं की शेपटीची फळी वर होते, विमान चढतं. पुढं केलं की उतरतं. तारांची अदलाबदल झाली तर सगळं उलटं. म्हणून तुमचा नियम होता. विमान सोडण्याआधी तुम्ही मधून ओरडायचं, "अप!" आणि विमान धरलेल्या माणसानं फळी खरंच वर गेली का ते बघून म्हणायचं, "अप, सर." मग "डाऊन!" आणि "डाऊन, सर."

एकदा एका कॅडेटनं दुसरीकडं बघत "अप, सर" म्हटलं. फळी बरोबरच गेली होती, विमानाला काही झालं नसतं. तरी तुम्ही मूठ खाली ठेवून चालत आलात आणि हळूच म्हणालात, "उत्तर डोळ्यानं द्यायचं, तोंडानं नाही." रागावला त्याला होतात, पण मला लागलं. त्या दिवसापासून मी दारं, कुलपं, गॅसचं बटण दोनदा बघतो. बायको वैतागते. तिला कारण माहीत नाही.

आता ते लिहितो, ज्यासाठी हे सगळं चाललंय.

प्रजासत्ताक दिनाचं संचलन झालं होतं. मैदानाच्या कडेला खुर्च्या, पाहुणे, मागं गर्दी. तुम्ही पाच महिने खपून केलेलं निळं विमान. तारा मी अडकवल्या. गर्दीत आमच्या गावची दोन माणसं होती आणि ती मला बोटानं दाखवत होती, "ते बघ, आपला पायलट." मी छाती काढून उभा होतो. तुम्ही ओरडलात, "अप!" मी गावच्या माणसांकडं बघत म्हणालो, "अप, सर!" "डाऊन!" "डाऊन, सर!" आणि सोडलं. विमान थोडं उचललं, तुम्ही ते चढवायला मनगट मागं घेतलंत आणि त्यानं सरळ जमिनीत नाक खुपसलं. अर्धी फेरीसुद्धा झाली नाही. खुर्च्यांतून कुणीतरी हसलं. पाहुण्यांतल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "तारा कुणी जोडल्या होत्या?" तुम्ही म्हणालात, "मी मूठ उलटी धरली, सर. माझी चूक." आणि वाकून तुकडे गोळा करायला लागलात. मी तुमच्याशेजारी वाकलो होतो. पंखाच्या टोकाला तारा उलट्या अडकवलेल्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी त्या चटकन सोडवल्या आणि गप्प बसलो.

पुढच्या रविवारी गेलो नाही. तुम्हाला खरंच वाटत होतं की मूठ उलटी धरली गेली, आणि त्या भोळेपणासमोर उभं राहायची मला लाज वाटत होती. तुम्ही दुकानात आलात, सायकल टेकवून म्हणालात, "मिस्त्री, रविवारी?" मी म्हणालो, "काम लई हाय, सर." दुसऱ्यांदा आलात, तेच म्हणालो. तिसऱ्यांदा आलात तेव्हा दुकानमालकानं तुम्हाला सांगितलं की मी गावाला गेलोय. त्यानंतर आला नाहीत.

एवढी वर्षं माझी समजूत अशी होती की माझी चूक तुम्ही तुमचीच समजून गेलात. ती या ट्रंकेनं मोडली. ताई, म्हणजे तुमची मुलगी, नगरला परतल्यावर मी रिळावरच्या तारा सोडत होतो. विमानाकडच्या टोकाला एका आकड्यावर लाल दोरा गुंडाळलेला होता, बारीक, गच्च, वर वॉर्निशचा हात. सर, त्या तारा तीन वर्षं दर रविवारी मीच गुंडाळायचो. तेव्हा तिथं दोरा नव्हता. तो त्या दिवसानंतर तुम्ही बांधलात. चूक मुठीकडं झाली असं तुम्हाला वाटलं असतं, तर खूण मुठीला केली असती. मुठीच्या वरच्या टोकाला तर तुमचा पांढरा ठिपका पहिल्यापासून होता, तुम्ही ती उलटी धरणं शक्यच नव्हतं. दोरा माझ्या टोकाला होता. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी रीळ मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिलो. बायकोनं दोनदा चहाला हाक मारली, मग बाहेर येऊन म्हणाली, "तारेत पाय अडकला का काय?"

मग कामाला लागलो. इंजिन जुन्या एरंडेलानं गोंदासारखं चिकटलं होतं. चुलीवर पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडलं. पातेलं दुधाचं निघालं. "सत्तरी वलांडली, आता इमानं शिजवा!" बायको म्हणाली, पण पातेलं परत मागितलं नाही. अर्ध्या तासानं पंखा बोटाखाली हलला. इंजिनाच्या तेलासाठी रॉकेल आणि एरंडेल मी मिळवलं, ईथर ताईनं आणलं, मापंही तिनंच घेतली. तुमच्या नकाशावरून विमान केलं. हात कापतो, म्हणून एकेक फळी दोनदा कापावी लागली. विमानातून पंखाच्या टोकाशी बाहेर येणाऱ्या दोन तारांपैकी शेपटीची फळी वर नेणारी जी, तिला ताईच्या नखपॉलिशचा लाल ठिपका दिला. लालला लाल. विमान उडवायला जागा हवी, म्हणून माळावरचे दगड वेचले, त्याला तीन दिवस लागले. दुसऱ्या दिवसापासून बायकोही पाटी घेऊन आली.

उद्या रविवार. आजवर मी कधी इतका घाबरलो नव्हतो. ताईच्या गुडघ्याचं काय, तिला चक्कर आली तर काय, माझ्या एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं काय. उद्या मधे तुमची मुलगी उभी असेल आणि विमान धरून मी, त्याच जागी.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. पुढचं आज लिहितोय.

सकाळी वारा पडलेला होता. बायको बांधावर बसली. लालला लाल अडकवलं, सोडवलं, परत अडकवलं. इंजिन सातव्या झटक्याला लागलं आणि एरंडेलाचा तो वास आला. ताई मुठीशी जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "अप!" सर, माझं तोंड उघडलं होतं, सवयीनं. मी ते मिटलं. वाकलो. फळी बघितली. वर होती. "अप, ताई!" "डाऊन!" बघितलं. खाली. "डाऊन, ताई! परत एकदा!" तिनं परत केलं. मी म्हणालो, "आणखी एकदा!" बांधावरून बायको ओरडली, "आवं सोडा की आता, त्याल संपंल त्यातलं!"

सोडलं.

ते उचललं. ताईनं मनगट मागं घेतलं आणि ते चढलं, सर. चढलं. दुसऱ्या फेरीला ताई हसायला लागली, मोठ्यानं, लहान मुलीसारखं. अकरा फेऱ्या मी मोजल्या, मग तेल संपलं, आवाज बंद झाला आणि ते घसरत गवतावर टेकलं. एक चाक निघालं, बाकी काही नाही. विमान थांबल्यावरही ताईनं दोन गिरक्या घेतल्या आणि मटकन खाली बसली. मी धावत गेलो. "काका," ती म्हणाली, "आभाळ अजून फिरतंय."

मी तिथंच, धापा टाकत, सांगून टाकलं. "ताई, त्या दिवशी सरांची चूक न्हवती. तारा म्या उलट्या अडकवल्या हुत्या."

"कुठल्या दिवशी?"

तिला माहीतच नव्हतं, त्या दिवशी ती मैदानावर नव्हती. तुम्ही घरी सांगितलंसुद्धा नव्हतं. मी सगळं सांगितलं, गावची माणसं, खुर्च्या, ते हसणं. तिनं ड्रेसला चिकटलेली कुसळं काढत ऐकलं. मग म्हणाली, "बाबांनी नवीन विमान करायला घेतलं असेल. काही मोडलं की ते तेच करायचे." आणि हात पुढं केला, उठवा म्हणून. "पुढच्या रविवारी तुम्ही मधे उभे राहा, काका. मी धरते. मी नीट बघून सांगेन."

मला कुणी मूठ देईल असं कधी वाटलं नव्हतं. निघालेलं चाक आत्ताच बसवलंय. आता अंगणात मी गोल फिरायचा सराव करतोय. बायको म्हणते, घाण्याचा बैल. फिरू दे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून ते ट्रंकेत रिळाखाली ठेवतो. एक राहिलंय. तुम्ही तिसऱ्यांदा दुकानात आलात, तेव्हा मी गावाला गेलेलो नव्हतो. लेथच्या मागं बसलो होतो. मालकाला तसं सांगायला मीच सांगितलं होतं. मला तुमचे बूट दिसत होते, आणि हातातलं रीळ दिसत होतं. तो दोरा मला दाखवायला आला होतात का, सर? एवढंच कळवा. जमलं तर रविवारच्या आत.