मुळापलीकडचा मसाला

५ मे, सोमवार
आजपासून रोज खरं तेच लिहायचं. सुरुवात झकास. विमलबाई आल्या. सानपाडा गावातल्या धवलारीण. हळदीला, लग्नाला धवळे गायला आधी त्यांनाच बोलावणं. येत्या रविवारी त्यांच्याच नातवाची, रूपेशची हळद. दाढेचं रूट कॅनल कुणीतरी पूर्वी केलेलं, अगदी भिकार. बाई म्हणाल्या, लग्न उरकल्यावर बघू. मीच म्हटलं, आत्ताच उघडू. दुसऱ्यांची घाण साफ करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

कॅनलमध्ये भरलेला जुना मसाला चिवट निघाला. बराचसा काढला. थोडा मुळाच्या टोकातून पलीकडे हाडात ढकलला गेला. एक्स-रेत पांढरा ठिपका. नगण्य. बाईंना बोललो नाही. उगाच टेन्शन.

६ मे, संध्याकाळ
बाईंचा गाल टम्म. तोंड धड उघडत नाही. आज सांगायचंच ठरवलं होतं. पेशंटशी सोप्या भाषेत बोलावं म्हणून म्हटलं, मसाल्यामुळे सूज आली आहे. त्यांनी मान डोलावली. औषध लिहून दिलं. खरं सांगून टाकल्यावर किती हलकं वाटतं!

७ मे
लोक ऐकतात एक, समजतात भलतंच. घरचा वर्षाचा मसाला यंदा पहिल्यांदाच सुनेने, सुचिताने, एकटीने केला. बाईंनी घरी जाऊन पाहुण्यांदेखत तिलाच धरलं, की डॉक्टर बोलला, तुझ्या मसाल्यानं माझं तोंड गेलं. दुपारी सुचिता आली. रडून डोळे लाल. मिरची जास्त पडली का, विचारत होती. मी म्हणालो, थेट संबंध नसावा. 'नसावा' हा शास्त्रीय शब्द आहे. उद्या दोघींना समोर बसवून समजावतो.

८ मे
जमलं नाही. क्लिनिकात गर्दी. (एकच माणूस आला, तोही पत्ता विचारायला. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिलं.) प्राची म्हणाली, फोन कर. म्हटलं, असलं फोनवर सांगायचं नसतं. म्हणाली, मग जा. म्हटलं, असलं लग्नघरात सांगायचं नसतं. बायकोला प्रॅक्टिसमधलं काय कळतं.

१० मे
दाढ उघडून पू काढला. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण हूं की चूं नाही. उलट म्हणाल्या, बरं झालं तू सांगितलंस, नायतर तोच मसाला उद्या सगल्या गावाला घातला असता. आता हळदीच्या मटणाला शेजारणीकडून मसाला आणलाय.

तोंडाशी आलं होतं. पण ड्रेसिंग चालू असताना पेशंटला डिस्टर्ब करू नये. सूज उतरली, बाई गायल्या, की सगळं आपोआप मिटेल.

११ मे, रविवार
हळदीला गेलो. बाईंनी पहिली ओळ उचलली आणि गालाला हात लावून थांबल्या. परत उचलली. परत थांबल्या. बाकीच्या बायकांनी कसंबसं पुढे नेलं. मग कोणीतरी स्पीकरवर रेकॉर्ड केलेले धवळे लावले. नातवाच्या हळदीत बाई खुर्चीवर गप्प. मटणाची सगळ्यांनी तारीफ केली. सुचिता बाहेर दिसलीच नाही. मी ताट तसंच ठेवून निघालो. ॲसिडिटी असणार.

१३ मे
दोघी आल्या. खुर्चीत कोणी बसलं नाही. सुचिता सासूला दुसऱ्या डेंटिस्टकडे घेऊन गेली होती. तिथला एक्स-रे तिने माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, डॉक्टर, यात माझा मसाला कुठला, तेवढा दाखवा.

माझं भाषण तयार होतं. मुळाची रचना, रिस्क, पुस्तकातले दाखले. त्यातलं काहीच आलं नाही. ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, हा माझा.

विमलबाई ओरडतील असं वाटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, गानं गेलं त गेलं. पन मी सुनेला चार मानसांत नको ते बोल्ली, ते आता कोन परत घेनार?

एक्स-रे माझ्यासमोरच ठेवून दोघी निघून गेल्या.